अंबरातली मुंगी

मघापासून खाऊच्या खोक्यांकडे डोळे लावून बसलेल्या मित्रांनो,

ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी सांभाळणाऱ्या आळे गावाच्या शिवेवर एका मुंगीचं चरित्र ऐकायला कुणाची हरकत नसावी.

ही मुंगी अंबरात सापडली. अंबर म्हणजे इथे आकाश नव्हे. बाभळीच्या खोडावरचा डिंक सगळ्यांनी पाहिलेला असतो. कधी त्यात एखादा किडा अडकून बसलेला असतो. डिंक पावसात विरघळतो. काही झाडांतून झरणारी चिकट राळ मात्र पाण्यात विरघळत नाही. ती गाळात दबून कोट्यवधी वर्षांनी मधाच्या रंगाचा खडा होते, तोच अंबर.

१९६६ साली अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, दगडगोटे जमवायचा नाद असलेल्या फ्रे पतिपत्नींना असा एक खडा मिळाला. आत दोन मुंग्या! तो हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड विल्सन यांच्याकडे पोचला. मुंग्यांच्या अभ्यासात बुडालेला हा माणूस इतका हरखला की खडा हातातून निसटला, जमिनीवर आपटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. नशीब असं, की एकेका तुकड्यात एकेक मुंगी, जशीच्या तशी. (प्रयोगशाळेत परीक्षानळी फोडून बोलणी खाल्लेल्यांनी हे ध्यानात ठेवावं, सरांना ऐकवू नये.)

वय सुमारे ९ कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉरच्या काळातलं. जबडे आखूड, दोनच दातांचे, गांधीलमाशीसारखे. कंबर मात्र गाठ असलेली, अस्सल मुंगीची. मुंग्या गांधीलमाश्यांच्या कुळातून आल्या ही अटकळ जुनीच होती, इथे दोन्हीकडची ठेवण एकाच अंगावर दिसली. १९६७ मध्ये बारसं झालं: स्फेकोमिर्मा फ्रेयी. पहिल्या शब्दात गांधीलमाशी आणि मुंगी, दुसऱ्यात फ्रे दांपत्य.

जुन्नरच्या काळ्या कातळात असा खडा मिळायचा नाही. तो कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. अंबरासाठी नवापूर ओलांडून सुरत जिल्ह्यात, तडकेश्वरच्या लिग्नाइट खाणीत जावं लागेल. तिथल्या सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात मुंग्या, वाळवी, मधमाश्यांचे भाऊबंद सापडले. २०१० साली ते जगापुढे आलं. ही राळ सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची, आणि द्रावकात विरघळणारी. त्यामुळे किडा अख्खा बाहेर काढता येतो.

आपल्याकडे कुकडीकाठी बोरी गावात अंबर नाही, राख आहे. पार सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, काचेच्या बारीक कणांची. त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं. राखेच्या वयावरून अभ्यासकांचं अजून जुळत नाही.

बोरीहून कोण कोण आलंय? हात वर करा. आणि ती राख चिमटीत धरून कुणी पाहिलीय?