शाखा मोडायला माझी सही मिळणार नाही



आजच्या विषयपत्रिकेत शेवटचा ठराव असा आहे: अलिबाग, रेवदंडा आणि पेणच्या युवक शाखा मुंबई-ठाण्याच्या शाखांत विलीन कराव्यात. कारण काय, तर ‘सदस्यसंख्या पुरेशी नाही.’ अध्यक्षाने गोड बोलावं अशी रीत आहे, पण आज मी ती पाळणार नाही. हा ठराव चुकीचा आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, असं आपण बेने इस्रायल ज्यू पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. त्या चौदांना कुणी सदस्यसंख्या विचारली असती तर आज हा मांडव पडला नसता!

सणाच्या दिवशी गावच्या सिनेगॉगमध्ये काय चालतं ते या ठरावाच्या सूचकांनी एकदा येऊन बघावं. प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. जमतात आठ. प्रार्थना चालवणारे हजान पुस्तक उघडून थांबलेले असतात आणि बाहेर ओट्यावर फोनाफोनी चाललेली असते: अमक्याचा जावई आलाय का, तमक्याला पनवेलहून मोटरसायकलवर आणता येईल का. ही धावपळ शाखेतली पोरं करतात. आत पोहे भिजवून, खोबरं खवून, गूळ कालवून मलिदा करणाऱ्या आणि ताटात पाच फळं मांडणाऱ्या मुलीही शाखेतल्याच. मुंबईची सहल बसने येते, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, खुणेपाशी फोटो काढते, मलिदा खाते आणि अंधार पडायच्या आत परतते. या, जरूर या. पण ज्यांनी ताट मांडलं त्यांनाच घराबाहेर काढायला येऊ नका.

‘पोरांना काय कळतं’ हे वाक्यही या मंडपात मी आज दोनदा ऐकलं. हाईम सॅम्युएल केहिमकरांचा जन्म १८३०चा. भावांना आणि मित्रांना बरोबर घेऊन समाजाच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्था काढली ती १८५३ साली. विशी नुकती ओलांडली होती! त्याच कामातून १८७५ साली शाळा उभी राहिली, आज माझगावला सर एली कदूरी म्हणतात ती. आपल्या सिनेगॉगांच्या विश्वस्त मंडळांत आज तिशीच्या आतलं कोण आहे? हात वर करा. बघा.

२०१६ साली महाराष्ट्र सरकारने आपल्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज गावातल्या पोरांना कोण भरून देणार? मुंबईचं कार्यालय? शनिवारी ते बंद आणि रविवारी त्यांची सहल.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ठराव मागे घ्या. प्रत्येक गावच्या विश्वस्त मंडळात शाखेच्या दोघांना, त्यातल्या एका मुलीला, मतासह जागा द्या. हे मान्य नसेल तर मतदान घ्या, खुशाल घ्या. पण इतिवृत्ताखाली अध्यक्षाची सही लागते, आणि ती तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून तरी मागावी लागेल.