पगारपत्रक नसलेल्यांची पत

धरणगावचे नाव इतिहासात कर्जव्यवहाराच्या एका निराळ्या प्रयोगाशी निगडित आहे. 1825 मध्ये आउट्रम याने येथे भिल्ल पलटण उभारली. भिल्लांना स्थिर जीवनाकडे वळविण्याच्या त्याच धोरणानुसार खानदेशात पडीक जमिनी आणि बैल-बियाण्यांसाठी तगाई देण्यात आली. या ऋणकोंपाशी तारण म्हणून दाखविण्याजोगे फारसे काही नव्हते. माणसाची ओळख हाच मुख्य आधार होता.

आजची बँक माणसाला कागदावरून ओळखते. शिक्षकाने पगारपत्रक दाखविले की त्याची ऐपत सिद्ध होते. शिंपी, सुतार, किराणा दुकानदार किंवा पंप दुरुस्त करणारा कारागीर यांची मिळकत तेवढीच असली, तरी ती सिद्ध करणे त्यांना कठीण जाते. त्यांच्याजवळ उणीव असते ती उत्पन्नाची नव्हे, पुराव्याची.

उदाहरणादाखल धरणगावच्या बाजारातील एखादा शिंपी घ्यावा. कापूस विकला जाऊन गावात पैसा खेळतो आणि लग्नसराई येते, अशा चार महिन्यांत त्याला दरमहा 36 हजार रुपये सुटतात. उरलेल्या आठ महिन्यांत 12 हजारच. वर्षाची बेरीज 2 लाख 88 हजार नव्हे, 2 लाख 40 हजार होते. म्हणजे सरासरी दरमहा 20 हजार. त्याने चांगल्या महिन्याकडे पाहून हप्ता ठरविला तर पावसाळ्यात तो थकणार. सरासरी सांगावी, पण हप्ता मंदीच्या महिन्यांना झेपेल असाच मागावा, हे शहाणपणाचे.

आता पुराव्याकडे वळू. याच शिंप्याची वार्षिक उलाढाल 6 लाख असल्यास, अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के, म्हणजे 48 हजार रुपये उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरता येते. अनेक जण एवढ्यावरच थांबतात. मग बँकेच्या दृष्टीने त्याची मिळकत दरमहा 4 हजारच ठरते. वस्तुतः 2 लाख 40 हजारांवर आयकर लागतच नाही. खरे उत्पन्न दाखविल्याने कर वाढत नाही, पत मात्र वाढते. दररोजचा गल्ला खात्यात भरणे, घरखर्च आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवणे, साधी रोजकीर्द लिहिणे आणि 2020 पासून सुरू झालेली विनाशुल्क उद्यम नोंदणी करणे, एवढ्याने बँकेपुढे ठेवण्याजोगे बरेच साहित्य तयार होते.

तारणाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असा आदेश बँकांना दिला. 2015 मध्ये मुद्रा योजना आली. 2023 मधील विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रथम 1 लाख व नंतर 2 लाख रुपये, 5 टक्के व्याजाने आणि विनातारण देण्याची तरतूद आहे. शिंपी व सुतार दोघेही त्यांत मोडतात.

भाड्याच्या जागेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. पगारदार भाडेकरूच बरा, असे अनेक घरमालकांना वाटते. अशा वेळी खात्याचा वर्षभराचा उतारा आणि आधीच्या जागेच्या भाडेपावत्या स्वयंरोजगारीच्या उपयोगी पडतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. हा करारच पुढे बँकेत व्यवसायाच्या जागेचा पुरावा ठरतो. तोंडी करारावर दुकान चालविणारा हा पुरावा गमावून बसतो.

गावात पत निर्माण करण्याचे काम अनेकांच्या हाती आहे. फेरीवाल्यास नगरपरिषदेचे शिफारसपत्र वेळेवर मिळाले तर त्याचा कर्जाचा मार्ग खुला होतो. सरपंच व ग्रामपंचायत सदस्यांनी कारागिरांच्या नोंदणीकडे लक्ष पुरवावे. शिक्षकांकडे जामीनकीची सही मागितली जाते, तेव्हा त्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. 1872 च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. भिडेखातर सही देण्यापेक्षा त्या कारागिराला रोजकीर्द लिहावयास शिकविणे हे अधिक मोठे साहाय्य होय. सही एका कर्जापुरती असते; नीट ठेवलेला हिशेब त्याला पुढच्या प्रत्येक कर्जाच्या वेळी स्वतःच्या पायावर उभा करील.