तंतुकणिका गोठवण्याआधी



ज्या गावात आपण जमलो त्या गावाबद्दल अध्यक्षाने दोन शब्द बोलावेत, अशी आपल्याकडची रीत आहे. म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइममध्ये मला त्यासाठी लांब जावे लागले नाही. इथल्या एका रस्त्याला कार्ल फॉन लिंडे यांचे नाव आहे. १८९५ मध्ये त्यांनी म्युनिकला हवेचे द्रवात रूपांतर करून दाखवले. आज प्रयोगशाळेत आपण उणे १९६ अंशांचा नायट्रोजन बादलीने ओततो, तो त्याच विद्येच्या जोरावर.

पण तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) गोठवायची तर ती थेट नायट्रोजनमध्ये बुडवून भागत नाही. नमुन्याभोवती नायट्रोजन उकळतो, वायूचा थर धरतो आणि गोठण्याचा वेग मंदावतो. मग पाण्याचे स्फटिक होतात आणि पटले फाटतात. म्हणून नायट्रोजनने थंड केलेल्या द्रव इथेनमध्ये नमुन्याची जाळी, म्हणजे ग्रिड, झपकन सोडायची. पाण्याला स्फटिक होण्याची उसंतच मिळत नाही. ते काचेसारखे थिजते. हायडलबर्गला जाक द्युबोशे यांनी १९८०च्या दशकात हे तंत्र बसवले. २०१७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

म्युनिकच्या दुसऱ्या टोकाला, मार्टिन्सरीडच्या माक्स प्लांक संस्थेत, बाउमाइस्टर यांच्या गटाने २००० मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीच्या अख्ख्या तंतुकणिकांचे क्रायो-टोमोग्राम, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याची त्रिमितीय चित्रे, प्रसिद्ध केले. रंग नाही, रसायनांनी केलेले स्थिरीकरण नाही. पुढे २००८ मध्ये फ्रँकफर्टच्या क्यूलब्रांट यांच्या गटाने आतल्या पटलाच्या वळणावर एटीपी सिंथेजच्या जोड्या रांगेने बसलेल्या दाखवल्या. शाळेच्या पुस्तकात आपण या पटलाच्या घड्या रंगवत होतो. त्या घड्यांना धार कुठून येते, ते इथे दिसले.

अशा यशाचे श्रेय आपण ३०० किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला देतो. माझे मत वेगळे आहे. निकाल बर्फाच्या पेटीतच, तंतुकणिका पेशीतून वेगळ्या काढताना ठरतो.

होगेबूम, श्नायडर आणि पॅलाडे यांनी १९४८ मध्ये सुक्रोजच्या द्रावणात तंतुकणिका वेगळ्या काढल्या, तेव्हापासून सुक्रोज आपल्या हाडीमाशी भिनले आहे. पेशी हळुवार फोडायच्या, कमी वेगाने फिरवून केंद्रके खाली बसवायची, वरचा द्रव पुन्हा जास्त वेगाने फिरवायचा, सगळे चार अंशांवर. सुक्रोज कमी केले तर तंतुकणिका पाणी पिऊन फुगते आणि बाहेरचे पटल फुटते. जास्त ठेवले तर द्रावणाची घनता प्रथिनांच्या जवळ जाते आणि चित्र धुरकट होते. काही प्रयोगशाळा शेवटी ट्रेहॅलोजचा बफर घेतात. माझ्या अनुभवात या एका टप्प्यावर जितकी भांडणे होतात, तितकी सूक्ष्मदर्शकाच्या वेळापत्रकावरही होत नाहीत!

पुढची अडचण जाडीची. साधारण अर्धा ते एक मायक्रॉन जाडीची तंतुकणिका इलेक्ट्रॉनला अवघडच जाते, आणि ग्रिड साठ अंशांपर्यंत कलवली की वाट दुप्पट होते. फिल्टर पेपरने पाणी टिपताना कणिका दबतेही. शिवाय पातळ बर्फात शोधताना आपण नकळत लहान कणिकाच निवडतो. मोठ्यांची कथा राहून जाते. आयन-झोताने अख्खी पेशी कापून दीडदोनशे नॅनोमीटरचा काप काढता येतो, पण तिथे वेगळ्या केलेल्या कणिकांचे शुद्ध जैवरसायन हाती राहत नाही. दोन्ही पद्धती हव्यात.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की छायाचित्र काढण्याआधी तंतुकणिका श्वास घेते का ते पाहा. ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर एडीपी घातल्यावर श्वसन किती पटीने वाढते, याची नोंद टोमोग्रामशेजारी छापा. पेशी फोडल्यापासून ग्रिड गोठेपर्यंत किती वेळ गेला, तेही लिहा. दुपारच्या सत्रात ज्यांची चित्रे पडद्यावर येणार आहेत, त्यांनी हे दोन आकडे तयार ठेवावेत. पहिला प्रश्न माझाच असेल.