टेक्सासचा हिवाळा आणि चाकांवरचे घर

(पर्यटनाची आवड असणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरील टेक्सास राज्याचे वर्णन करताना दोन विशेषणे हटकून योजिली जातात : विस्तीर्ण आणि उबदार. दोन्ही यथार्थ आहेत. तथापि हिवाळ्यात या राज्यातून निवासी मोटारीने प्रवास करावयाचा झाल्यास प्रवाशाने सावध राहावयाचे ते याच दोन विशेषणांपासून. पहिले विशेषण प्रवासाचे वेळापत्रक मोडते आणि दुसरे प्रसंगी जिवावर बेतते.

हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेथे महाराष्ट्र मंडळे नांदत आहेत आणि मुलांकडे, नातवंडांकडे जाऊन राहणारे आजी-आजोबा आता गावोगावी आढळतात. नाताळच्या सुटीत घरातील सर्वांनी मिळून निवासी मोटार भाड्याने घ्यावी आणि राज्य पाहून यावे, असे बेत आखले जातात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चाकांवरच्या घराचा हा प्रकार अमेरिकेत ‘आर. व्ही.’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. काही गाड्यांना स्वतःचे इंजिन असते, काही दुसऱ्या मोटारीमागे ओढून न्याव्या लागतात. आत बिछाने, स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, न्हाणीघर, शौचकूप अशी सर्व सोय असते. थोडक्यात, या घराला स्वतःचे पाणी असते, स्वतःचा गॅस असतो आणि स्वतःचे सांडपाणीही असते. घर सोबत नेणाऱ्याला घराची कामेही सोबत न्यावी लागतात, ही गोष्ट जाहिरातीत सहसा सांगितली जात नाही.

प्रथम विस्ताराचा विचार करू. टेक्सासचे क्षेत्रफळ सुमारे ६ लाख ९५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सव्वादोन पट आहे. राज्याला पूर्व-पश्चिम छेदणारा १० क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग एकट्या टेक्सासमध्ये सुमारे १,४०० किलोमीटर धावतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुप्पट अंतराची कल्पना येईल. ह्यूस्टनहून एल पासोला जाण्यास सुमारे १,२०० किलोमीटर पडतात आणि एल पासोला पोहोचल्यावर घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. राज्य एकच, पण काल दोन!

लहान मोटारीतून हे अंतर नेटाने कापता येते. निवासी मोटारीचे तसे नाही. मोठी गाडी लिटरमागे जेमतेम तीन-चार किलोमीटर चालते. तिच्या उंच भिंतींवर पश्चिम टेक्सासचा आडवा वारा आदळतो तेव्हा चालकाचे दंड भरून येतात. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि तिन्हीसांजेला हरणे रस्त्यावर येतात. अनुभवी प्रवाशांनी यावर तीनाचा एक नियम बसविला आहे : दिवसाला तीनशे मैलांहून अधिक जाऊ नये, दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोहोचावे आणि एका ठिकाणी तीन रात्री राहावे. नातवंडे आणि वृद्ध बरोबर असल्यास यातील पहिला आकडाही निम्म्यावर आणणे श्रेयस्कर. दोन आठवड्यांत संपूर्ण टेक्सास पाहण्याचा बेत करणारे कुटुंब प्रत्यक्षात टेक्सासचे डांबरी रस्ते तेवढे पाहून परतते.

आता उबदारपणाविषयी. राज्याच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांद नदीच्या खोऱ्यात मॅकॲलन, हार्लिंजेन, ब्राउन्सव्हिल ही शहरे वसली आहेत. तेथे जानेवारीतही दुपारचे तापमान एकवीस-बावीस अंश सेल्सिअस असते. मिनेसोटा, आयोवा, विस्कॉन्सिन या गोठणाऱ्या राज्यांतून आणि कॅनडातून निवृत्त मंडळी आपली फिरती घरे घेऊन येथे येतात व नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत मुक्काम करतात. स्थानिक लोक त्यांना ‘विंटर टेक्सन्स’, म्हणजे हिवाळ्यापुरते टेक्सासकर, म्हणतात. त्यांच्यासाठी उभारलेल्या वसाहतींतून नाच, पत्ते, सुतारकाम, सेवाकार्य यांचे वर्ग चालतात. शेजारी ठरलेले असतात. गेल्या वर्षी बसलेला एखादा गृहस्थ यंदा आला नाही, तर त्याची चौकशी होते. वार्धक्यातील एकटेपणावर या लोकांनी शोधलेला हा उपाय आपल्याकडील विचारवंतांनीही पाहावा असा आहे.

याच खोऱ्यात लाल गराची ग्रेपफ्रूट पिकतात. १९९३ साली या फळाला राज्यफळाचा मान मिळाला. वेस्लाको येथील एस्तेरो यानो ग्रांदे हे पक्ष्यांसाठी राखलेले राज्य उद्यानही आवर्जून पाहावे. त्याचा एक भाग पूर्वी निवासी मोटारींचाच तळ होता, आता तेथे हिरवे-निळे ग्रीन जे पक्षी नांदतात. महाराष्ट्रातील श्रोत्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी आहे. सांता रोझा येथे ऊस उत्पादकांचा सहकारी साखर कारखाना होता. टेक्सासमधील तो एकमेव साखर कारखाना सिंचनाच्या पाण्याअभावी २०२४ साली बंद पडला. नदीच्या दोन्ही काठांवर पाण्याचा तंटा आहे. ‘उबदार’ या शब्दामागे असा कोरडेपणाही दडलेला असतो.

ब्राउन्सव्हिल साधारण पाटण्याच्या अक्षांशावर आहे. पाटण्याला उत्तरेकडून हिमालयाचा आडोसा आहे. टेक्सासला तसा कोणताही आडोसा नाही. कॅनडाच्या ध्रुवीय प्रदेशापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत थंड हवेला अडवील अशी पूर्व-पश्चिम पर्वतराजी वाटेत कोठेही आडवी येत नाही. त्यामुळे सकाळी सदऱ्यावर बसलेल्या माणसाला दुपारी कांबळे शोधावे लागते. या उत्तरवाऱ्याला तेथे ‘नॉर्दर’ म्हणतात. तो आला की एखाद्या तासात पारा दहा-बारा अंशांनी घसरू शकतो. २००४ च्या नाताळात तर ब्राउन्सव्हिललाही बर्फ पडले. तेथे त्यापूर्वी मोजण्याइतके बर्फ पडले होते ते १८९५ साली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जे घडले त्याने मात्र या राज्याची झोप उडाली. राज्यातील सर्व २५४ काउंट्यांमध्ये आपत्कालीन स्थिती जाहीर करावी लागली. १६ फेब्रुवारीला डॅलस-फोर्ट वर्थ येथे तापमान उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. वायुवाहिन्या व वीजनिर्मिती केंद्रे गारठली. टेक्सासचे विद्युत जाळे शेजारच्या राज्यांशी फारसे जोडलेले नसल्याने बाहेरून पुरेशी वीज आणता येईना. पंचेचाळीस लाखांवर घरे व आस्थापने अंधारात गेली. राज्याच्या आरोग्य विभागाने या वादळातील मृतांची संख्या २४६ इतकी नोंदविली. बहुतेक थंडीने गेले. काही जण ऊब मिळविण्यासाठी पेटविलेल्या साधनांतून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेले. अतिदक्षिणेच्या साउथ पाद्रे बेटावर समुद्रातील हजारो कासवे गारठून निश्चेष्ट झाली. स्वयंसेवकांनी ती मोटारींतून, नावांतून आणून तेथील अधिवेशन सभागृहाच्या फरशीवर ओळीने मांडली, ती ऊब मिळून पुन्हा हालचाल करू लागेपर्यंत.

अशा रात्री निवासी मोटारीत काय घडते, हे निघण्यापूर्वीच समजून घेणे अगत्याचे आहे. तळावर गाडीला बाहेरून वीज आणि पाणी जोडून घेता येते. विजेची जोडणी तीस किंवा पन्नास अँपिअरची असते. तीस अँपिअरवर सुमारे ३,६०० वॉट मिळतात, म्हणजे विजेची शेगडी, पाणी तापविण्याचे यंत्र आणि इतर उपकरणे एकाच वेळी लावली तर खटका पडू शकतो. गाडी गरम ठेवणारी भट्टी प्रोपेन वायूवर चालते खरी, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. बाहेरची वीज गेली आणि बॅटरी उतरली, तर टाकीत भरपूर वायू असूनही भट्टी बंद पडते. यासाठी बॅटरीची अवस्था भाड्याने घेतानाच तपासून घ्यावी. स्वयंपाकाची गॅस शेगडी पेटवून गाडी तापविण्याचा मोह कदापि होऊ देऊ नये. लहान बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत आहे आणि चालू आहे, याची खात्री प्रत्येक मुक्कामी करावी.

पाण्याचे शास्त्र याहून सोपे आहे. सर्वांत आधी गोठते ती बाहेरच्या नळाला जोडलेली रबरी नळी. कडाक्याची थंडी पडणार असे वेधशाळेने सांगितले की संध्याकाळीच गाडीतील टाकी भरून घ्यावी, नळी काढून आत ठेवावी आणि रात्र टाकीच्या पाण्यावर काढावी. स्नानाचे सांडपाणी आणि मैला यांच्या टाक्या वेगळ्या असतात. त्या ठरवून दिलेल्या जागीच रिकाम्या कराव्या लागतात. हे काम कोणी करावयाचे, हे निघण्यापूर्वी घरात ठरलेले बरे! मैल्याची टाकी आधी सोडावी व सांडपाण्याची नंतर, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

तळाची जागा निवडताना नदीकाठाचा मोह आवरावा. ४ जुलै २०२५ रोजी ग्वादालूपे नदीला पहाटे अचानक आलेल्या पुराने काठावरील निवासी मोटारी वाहून नेल्या आणि त्या पुरात शंभराहून अधिक माणसे दगावली. तो उन्हाळा होता हे खरे. पण झोपलेल्या कुटुंबाला पाणी ऋतू विचारून येत नाही.

मग जावे कोठे? ह्यूस्टनहून निघणाऱ्या कुटुंबाने प्रथम समुद्रकिनारा धरावा. सुमारे तीनशे किलोमीटरवर रॉकपोर्टजवळ गूस आयलंड हे राज्य उद्यान आहे. तेथे वीज व पाणी मिळते आणि हजार वर्षांहून जुना मानला जाणारा एक प्रचंड ओक वृक्ष आहे. २०१७ च्या हार्वी चक्रीवादळाने रॉकपोर्ट उद्ध्वस्त केले, वृक्ष मात्र उभा राहिला. जवळच अरान्सस हे १९३७ साली स्थापन झालेले पक्षी-आश्रयस्थान आहे. व्हूपिंग क्रेन हे शुभ्र, दीड मीटर उंचीचे क्रौंच कॅनडातील वुड बफेलो उद्यानातून सुमारे चार हजार किलोमीटर उडून दर हिवाळ्यात येथे उतरतात. १९४१ साली या थव्यात अवघे पंधरा-सोळा पक्षी उरले होते. आज ते पाचशेहून अधिक आहेत. रॉकपोर्टच्या परिसरातून सुटणाऱ्या नावांतून ते निळे खेकडे टिपताना दिसतात. नर, मादी आणि तांबूस पिसांचे एक पिलू असे कुटुंब आपापली हद्द राखून असते. ज्येष्ठांना बसल्या जागी हे दृश्य पाहावयास मिळते, हे विशेष.

तेथून खोऱ्यात उतरण्यास सुमारे अडीचशे किलोमीटर. वाटेत लांबच लांब कुरणे असून वस्ती विरळ आहे, म्हणून इंधन आधीच भरावे. परतीच्या वाटेवर सीमा सुरक्षा दलाचे तपासणी नाके लागतात. पारपत्र व व्हिसा ह्यूस्टनच्या घरी कपाटात ठेवून निघालेल्या पाहुण्यांची तेथे तारांबळ उडते.

पुष्कळांचा ओढा याहीपुढे, बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाकडे असतो, आणि तो योग्यच आहे. १९४४ साली स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ३,२४० चौरस किलोमीटरचे आहे. नदीने कोरलेल्या उभ्या दऱ्या, वाळवंट आणि पर्वत हे सारे तेथे एकत्र येते. रात्रीच्या अंधारासाठी २०१२ साली त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पण खोऱ्यापासून ते जवळजवळ नऊशे किलोमीटर दूर आहे. तीन दिवस जाण्यात गेले, तेवढेच परतण्यात. दोन आठवड्यांच्या सुटीत किनारा व खोरे यांना बिग बेंड जोडू नये, त्यासाठी स्वतंत्र सुटी काढावी. चिसोस पर्वताच्या खोलगटात चढणारा रस्ता अरुंद व वळणांचा आहे. चोवीस फुटांपेक्षा लांब मोटारीने आणि वीस फुटांपेक्षा लांब ओढगाडीने तेथे जाऊ नये, असे उद्यानाने सांगितले आहे. मोठ्या गाड्यांसाठी नदीकाठचा रिओ ग्रांद व्हिलेज तळ आहे, तेथे पूर्ण जोडणीच्या जागा मात्र अवघ्या पंचवीस. जवळचे रुग्णालय अल्पाईन गावी, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. हृदयविकाराच्या वा मधुमेहाच्या रुग्णाने औषधे दुप्पट दिवसांची न्यावीत आणि कुटुंबाने हा धोका आपसात मोकळेपणाने बोलून मगच निर्णय घ्यावा. उद्यानात बहुतेक ठिकाणी दूरध्वनी लागत नाही, तो बोलण्याची वेळ घरीच आहे.

टेक्सासच्या राज्य उद्यानांतील जागा पाच महिने अगोदर राखून ठेवता येतात. नाताळच्या आठवड्यासाठी म्हणजे जुलैच्या अखेरीस, जेव्हा ह्यूस्टनमध्ये उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो आणि लोकरी कपड्यांची आठवणही कोणाला होत नाही, तेव्हा हे आरक्षण करावयाचे असते.