कावेरीचे पाणी आणि भूगर्भातील वायू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी तंजावरच्या मराठी राजांविषयी मी बोलावे, अशी कार्यवाहांची इच्छा होती. तो विषय मला प्रिय आहे. परंतु आज मी राजांविषयी न बोलता, ज्या मातीने त्यांना पोसले त्या मातीविषयी बोलणार आहे. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. कलाशाखेचा साधा पदवीधर आणि केंद्र सरकारचा एक नोकर, एवढीच माझी ओळख. तेव्हा मी जे मांडीन ते एका नागरिकाचे मनोगत समजावे.

काही वर्षांपूर्वी तिरुवारूर जिल्ह्यातील एका खेड्यात जाण्याचा योग आला. एका वृद्ध शेतकऱ्याने बोअरचे पाणी पितळी पेल्यात भरून माझ्यापुढे ठेवले. मी ते प्यालो. तो म्हणाला, “ऐया, पाच वर्षांनी पुन्हा या आणि हेच पाणी पिऊन दाखवा.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचले, त्याचे सार आपल्यापुढे ठेवतो.

कोळशाच्या थरांत अडकलेला मिथेन काढावयाचा तर प्रथम त्या थरांतील पाणी उपसावे लागते. शेल नावाच्या घट्ट खडकातील वायू त्याहून हट्टी असतो. तो मोकळा करण्यासाठी एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही खोल विहीर खोदतात, ती आडवी वळवितात आणि पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात. एका विहिरीला बहुधा एक कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. त्यातील काही भाग क्षार व खनिजे घेऊन वर परततो. ते पाणी शेताला चालत नाही, नदीतही सोडता येत नाही.

धोका केवळ भेगांचा नाही. विहिरीच्या पोलादी नळाभोवतीचे सिमेंट कच्चे राहिले, तर वायू वरच्या गोड्या पाण्यात शिरू शकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2016 च्या अहवालात, विशिष्ट परिस्थितीत या उद्योगाचा पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, असे मान्य केले. तेल-वायूच्या विहिरींतील सांडपाणी खोल जिरविल्याने ओक्लाहोमात भूकंप वाढले. सप्टेंबर 2016 मध्ये पॉनी येथील धक्का 5.8 तीव्रतेचा होता.

मग निर्बंध कोणी घालावेत? न्यूयॉर्क राज्यातील ड्रायडन या छोट्या गावाने जमीन-वापराच्या नियमांनी अशा विहिरींना मज्जाव केला आणि 2014 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचा तो अधिकार उचलून धरला. त्याच वर्षी टेक्सासमधील डेंटन शहराने मतदानाने बंदी घातली. परंतु 2015 मध्ये राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. कोलोरॅडोने 2019 मध्ये स्थानिक संस्थांना अधिक अधिकार दिले. एकाच देशात तीन वाटा!

आपल्याकडे तेल-वायू हा केंद्राच्या सूचीतील विषय. शेती, जमीन आणि पाणी राज्याच्या सूचीत. म्हणजे पाणी एकाचे, त्याखालचा वायू दुसऱ्याचा! 1948 च्या तेलक्षेत्र कायद्यात 2025 मध्ये सुधारणा होऊन शेल वायू व कोळशाच्या थरांतील मिथेन यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. जानेवारी 2020 मध्ये केंद्राने तेल-वायूच्या शोधकार्यास पर्यावरण परवानगीच्या सौम्य वर्गात घातले. परिणामी त्या टप्प्यावरील जनसुनावणी उरली नाही. हे मी केंद्राचा नोकर म्हणूनच, पण खेदाने सांगतो.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाने मात्र आपला आवाज ऐकविला. मन्नारगुडी परिसरातील मिथेन योजनेविरुद्ध गावोगाव फिरत असतानाच, डिसेंबर 2013 मध्ये, सेंद्रिय शेतीचे पुरस्कर्ते नम्मळवार यांचे देहावसान झाले. 2017 मध्ये नेडुवासल येथे शेतकरी, स्त्रिया, विद्यार्थी धरणे धरून बसले. अखेर फेब्रुवारी 2020 मध्ये तमिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा संमत केला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम हे जिल्हे आणि कडलूर व पुदुक्कोट्टई यांचे काही भाग यांत नव्या तेल, वायू, मिथेन व शेल वायूच्या विहिरींना त्याने बंदी केली. चालू विहिरींना मात्र तो लागू नाही. त्यांच्यावर देखरेख हवी ती हवीच.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. देशाच्या कच्च्या तेलाची ऐंशी टक्क्यांहून अधिक गरज आयातीने भागते. आपल्या स्वयंपाकघरातील शेगडी कोणत्या तरी भूमीतील वायूवरच पेटते. म्हणून ‘कोठेच नको’ असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच: खोदण्यापूर्वी आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी होऊन तिची नोंद गावाजवळ राहावी, वापरावयाच्या रसायनांची नावे जाहीर व्हावीत, परतलेल्या पाण्याची व्यवस्था आधी ठरावी, आणि ग्रामसभेचे मत विचारले जावे. यातील एकही मागणी अवाजवी आहे, असे मला वाटत नाही.

आपल्यातील काही मंडळी म्हणतात, “हा इथल्या लोकांचा प्रश्न, आपण परमुलखातली माणसे.” बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे ज्या भूमीचा तांदूळ आपण खाल्ला, तिथे आपण परके कसे? व्यंकोजीराजांचे वंशज इथे पाहुणे म्हणून राहिले नाहीत. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले ते याच मातीत. भोसले कुळाचा मराठी इतिहास बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरलेला आहे. तो दगड टिकेल. परंतु त्या मंदिराभोवतीची भातशेती टिकवावयाची तर पाणी टिकले पाहिजे.

पुढील पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव करावा, नाटके करावीत. त्याबरोबर एखाद्या गावाच्या पाण्याची नोंद ठेवण्याचे कामही अंगावर घ्यावे. आपल्या तरुणांत रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत, वकील आहेत. त्या वृद्ध शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकलो नाही. ते उत्तर तुम्ही द्याल, या विश्वासाने मी आपली रजा घेतो.