वृद्धांचा स्मृतिभ्रंश आणि भावंडांतील कलह
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय माजघरातला आहे. तो व्यासपीठावर कशास, असे कोणी विचारील. परंतु मध्यस्थीसाठी आमच्याकडे येणाऱ्या भाऊबंदकीच्या तंट्यांत जमिनीच्या बांधाबरोबर आता आजारी आईबापांचेही नाव निघू लागले आहे. म्हणून तो चारचौघांत मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून ज्याकडे आपण हसून दुर्लक्ष करीत आलो, तो पुष्कळदा म्हातारचळ नसून मेंदूचा विकार असतो. त्यातील सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली प्रथम केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीवरील माणसांपैकी शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. अर्थात् हे दुःख एखाद्याच घराचे नव्हे, आणि त्यात कुळाला बट्टा लागण्यासारखे काहीही नाही.

या विकाराची चाल समजली म्हणजे कलहाचे मूळ सापडते. सकाळचे बोलणे दुपारी आठवत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातील मानपान लख्ख आठवतो. स्वतःच्या हातांनी ठेवलेली पाटली सापडली नाही, की ती चोरीस गेली असे वाटते. मग चोर कोण? तर दिवसभर जवळ असते तीच. जी सून न्हाऊ घालते, भरविते, रात्री तीनदा उठते, तिच्यावरच आळ येतो. जेवून अर्धा तास होतो न होतो तोच ‘मला जेवायला घालीत नाहीत’ असे सासूबाई शेजारणीस सांगतात. त्या खोटे बोलत नसतात. जेवल्याचे त्यांस खरोखरच स्मरण नसते.

हेच गाऱ्हाणे परगावच्या मुलाच्या आणि सासरी असलेल्या लेकीच्या कानी जाते. ती दिवाळीस येतात, तेव्हा पाहुण्यांसमोर आई तासभर नीट बोलते, नातवंडांची विचारपूस करते. झाले! ‘आई तर ठणठणीत आहे, वहिनीच कंटाळली आहे,’ असा निवाडा होतो. पाहुणे गेल्यावर दिवेलागणीस तीच आई स्वतःच्याच घरात ‘मला माझ्या घरी पोचवा’ म्हणून दार ठोठावते, हे पाहावयास त्यांतील कोणी नसते.

आमचे सांगणे एवढेच, की रोग्याचे गाऱ्हाणे प्रेमाने ऐकावे, परंतु केवळ त्याच्या आधारे घरच्या माणसास दोषी ठरवू नये. गाऱ्हाण्यात तथ्य कधीच नसते, असे आम्ही म्हणत नाही. वृद्धांची हेळसांड करणारी घरेही आहेत. म्हणूनच ज्यास शंका येईल त्याने दूरध्वनीवरून जाब न विचारता आठ दिवस येऊन राहावे, स्वतः सेवा करावी आणि मग बोलावे.

आपल्यात आईबापांस पाळीने सांभाळण्याची रीत आहे. तीन मुलगे, चार चार महिने. धडधाकट वृद्धास ती चालते. स्मृतिभ्रंश झालेल्यास जाचते. नवे घर, नवी मोरी, नवे दार यांनी त्याचा गोंधळ वाढतो. तेव्हा शक्य तेथे आईस हलवू नये. पाळी लावावयाची तर सेवा करणाऱ्यांनी लावावी. ज्यास येणे जमत नाही त्याने खर्चाचा वाटा उचलावा आणि त्याचा हिशेब वहीत लिहिला जावा. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा व मुलगी दोघांवरही ठेवली आहे. सुनेने एकटीने झिजावे, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही.

आणखी दोन गोष्टी. विसर पडू लागताच वैद्यकीय तपासणी करावी. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीची मंदता, मनाची उदासीनता यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपाय आहेत. डॉक्टरांचे म्हणणे सर्व भावंडांनी एकत्र बसून ऐकावे, म्हणजे ‘तू सांगतोस ते खरे कशावरून?’ हा प्रश्न उरत नाही. दुसरे, मृत्युपत्र व बँकेचे व्यवहार आईवडिलांस उमज आहे तोवर, त्यांच्याच इच्छेने, सर्वांच्या देखत व्हावेत. आपण काय करीत आहो हे ज्यास कळत नाही, अशा अवस्थेत केलेले मृत्युपत्र १९२५ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे टिकत नाही. उशिरा घेतलेल्या अंगठ्याने घर मिळत नाही, भाऊ मात्र जातो.

शेवटी मंडळास एक विनंती. आपण वधूवर मेळावे भरवितो, विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतो. त्याचप्रमाणे प्रत्येक पेठेतून दोन-चार जणांनी आठवड्यातील एक दुपार अशा रोग्यापाशी बसण्याचे पत्करावे. त्या तीन तासांत घरची सून माहेरी जाऊन येईल, नाहीतर नुसती निजेल. आईस उद्या आपले नाव आठवणार नाही. पण तिच्या आजारपणात आपण एकमेकांशी कसे वागलो, हे आपल्या मुलांस आठवेल.