सीमेवरचे गाठोडे : उपकार की हक्क?



परदेशाहून मागविलेल्या वस्तूंवरील कर हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाकडे का दिला, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. माझे शाळेतले शिक्षण थोडे. हिशेब शिकलो तो विडी कामगार भगिनींच्या मजुरीच्या नोंदींवर. पण कुठलीही रक्कम समोर आली की तीन प्रश्न विचारायचे, ही सवय मला तेथेच लागली. ही रक्कम कोण देतो, कोण घेतो, आणि कशासाठी? आजच्या विषयालाही मी हेच तीन प्रश्न विचारणार आहे.

जकात हा शब्द संगमनेरकरांना नवा नाही. गावाच्या वेशीवरचा जकात नाका आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना चांगला आठवत असेल. नगरपालिकांची जकात 1999 साली गेली, आणि मुंबईची 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेली. गावचे नाके गेले, देशाचा नाका मात्र राहिला. पूर्वी त्याच्याशी संबंध यायचा तो बंदरावरच्या व्यापाऱ्यांचा. आता आमच्या गल्लीतला मुलगा फोनवर बोट ठेवून परमुलखातली वस्तू मागवितो, आणि त्या नाक्यापुढे आपोआप जाऊन उभा राहतो.

हा नाका मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. शिवाजी महाराजांनी 1671 साली कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले होते, आणि त्यामुळे स्वराज्यातल्या मिठाला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. त्या जकातीच्या मागे आगरात उन्हात राबणारा माणूस उभा होता. श्रमणाऱ्याच्या भाकरीसाठी बसविलेल्या जकातीला विरोध करणे कामगार चळवळीला शोभणार नाही. पण ज्या जकातीच्या आड असा कोणीच उभा नाही, तिचा जाब विचारणे हेही आपले काम आहे.

आता थोडा हिशेब करू. स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा कुरियरने मागविलेल्या वस्तूंवर 2019 च्या सुमारास मूळ सीमाशुल्क 35 टक्के होते. वाहतूक व विमा धरून वस्तूची किंमत 1000 रुपये समजा. तिच्यावर शुल्क 350. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 35. झाले 1385. आता या 1385 वर 28 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 387 रुपये 80 पैसे. हजाराची वस्तू 1772 रुपये 80 पैशांना पडली! करावर कर कसा चढतो ते पाहावे. शिवाय कुरियरवाल्याची हाताळणी वेगळी. पुढे हे दर खाली आले. स्वतःच्या वापराच्या वस्तूंवरचे मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणण्याची घोषणा 2026 च्या अर्थसंकल्पात झाली. दर बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते, आणि ती रीत प्रत्येकाला आली पाहिजे.

पूर्वी ठराविक किमतीपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय येत असे. काही परदेशी विक्रेत्यांनी विकलेला मालच भेट म्हणून धाडण्यास सुरुवात केली. तेव्हा डिसेंबर 2019 मध्ये सरकारने भेट म्हणून माल सोडविण्याची वाटच बंद केली. अपवाद ठेवले दोन : जीवरक्षक औषधे आणि राखी. लबाडी केली विक्रेत्यांनी, आणि दार बंद झाले ते परदेशातल्या मुलाने आईला पाठविलेल्या शालीचेही.

औषधाचे नाव निघाले, तेव्हा माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 2021 च्या आरंभी मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीला स्नायू निकामी करणारा दुर्मीळ आजार असल्याचे कळले. तिला लागणारे झोलजेन्स्मा नावाचे औषध अमेरिकेहून आणायचे होते, आणि त्याची किंमत होती सुमारे 16 कोटी रुपये. आई-वडिलांनी लोकवर्गणीतून पैसा उभा केला. पण औषध देशाच्या सीमेवर येताच त्याच्यावर सुमारे 6 कोटींचे शुल्क व कर लागू होणार होते. त्या वेळचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, केंद्राने कर माफ केला, आणि मुलीला औषध मिळाले. हे उत्तम झाले, याबद्दल दुमत नाही.

पण मंडळी, ज्या बाळासाठी पत्र लिहिणारा कोणी नाही, त्याचे काय? आमच्या विडीच्या धंद्यात छाट नावाचा प्रकार असे. ठेकेदार विड्या उलटसुलट करून पाही, आणि त्याला पसंत नसलेल्या विड्या मजुरी न देता बाजूला टाकी. एखादीवर मर्जी असली की तिची छाट कमी निघे. तो उपकार झाला. 1966 साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि छाटीचा वाद सरकारी अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय झाली. तो हक्क झाला. उपकार एकाचा भागतो, आणि हक्क मागून येणाऱ्या सर्वांचा भागतो.

औषधांच्या बाबतीतही पुढे तसेच घडले. 1 एप्रिल 2023 पासून, राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात नोंदलेल्या आजारांवर स्वतःच्या उपचारासाठी आणलेल्या औषधांचे मूळ सीमाशुल्क माफ झाले. त्याच वर्षी जुलैत वस्तू व सेवा कर परिषदेने त्यांच्यावरचा करही उठविण्याचे ठरविले. आता डॉक्टरांचे व अधिकाऱ्यांचे कागद लागतात, पुढाऱ्याचे पत्र लागत नाही. माझ्या मते ही घटना 2021 च्या माफीहून मोठी आहे, पण तिची चर्चा वर्तमानपत्रांतून त्या मानाने फारच थोडी झाली.

नाका दुसऱ्याच्या देशातही असतो, याचा अनुभव आपल्या घरांनी 2025 साली घेतला. अमेरिकेत 800 डॉलरपर्यंतच्या मालाला शुल्क नव्हते. ती सवलत 29 ऑगस्टला संपली. शुल्क कोणी वसूल करायचे व कसे भरायचे, हेच स्पष्ट नव्हते, म्हणून भारतीय टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडची पार्सले घेणे थांबविले, आणि महिनाअखेरीस तर पत्रेदेखील बंद केली. सेवा सुरू झाली ती 15 ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली असताना. टपालाने जाणारा चकली-अनारशांचा डबा तोवर घरातच अडकला. ज्या बायका फराळ करून चार पैसे मिळवितात, त्यांनी तर कुणाचेच काही बिघडविले नव्हते!

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. वस्तू मागविण्यापूर्वी, दाखविलेल्या किमतीत शुल्क व कर धरले आहेत काय, आणि वस्तू परत केल्यास भरलेले शुल्क परत मिळते काय, हे विचारून घ्या. आणि ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, अमुक खात्यावर पैसे भरा’ असा फोन आला, तर एक पैसाही पाठवू नका. सीमाशुल्क खाते कोणाच्या खासगी खात्यावर पैसे मागत नाही. त्याच्या नोटिशीवर ओळखक्रमांक असतो, आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

शेवटी एवढेच म्हणेन : शुल्क श्रमणाऱ्याच्या रक्षणासाठी असेल, तर ते आनंदाने भरावे. ते आजाऱ्याच्या उशाशी येऊन उभे राहिले, तर ते हटविण्याची मागणी करावी, आणि ती एका घरासाठी न करता सर्व घरांसाठी करावी. आपल्या ओळखीच्या घराचे काम झाले की आपण गप्प बसतो. खरे तर ओळख नसलेल्यासाठी बोलण्याची वेळ त्याच क्षणी सुरू होते.